चिपचा सातबारा

चार-पाच वर्षांचा फोन ड्रॉवरमध्ये जातो तेव्हा त्यातली चिप सहसा ठणठणीत असते. थांबलेले असतात ते अपडेट. मग कुणीतरी सुचवतं, ‘त्याच्यावर नवीन लिनक्स टाक की!’ लॅपटॉपवर हे जमतं. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, की आजचं लिनक्स बहुतेक वेळा निमूट सुरू होतं. फोनवर तोच प्रयोग करा, काळी स्क्रीन मिळेल. फोनचा प्रोसेसर कमी ताकदीचा असतो म्हणून असं होत नाही. फोनच्या चिपला स्वतःची ओळख सांगता येत नाही, म्हणून होतं. तिच्या पोटात काय काय आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, त्याला ठेका कोण देतं आणि झोपेतून कोण उठवतं, हे कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं.

या लिहून ठेवण्याचाही एक इतिहास आहे. त्यात भांडणं आहेत, काळे पडलेले पडदे आहेत, आणि एक प्रश्न आहे जो आपल्या ड्रॉवरपर्यंत येतो: यंत्राची नोंद कुणाच्या दप्तरात असावी?

पाट, चारी आणि दार

आधी दोन शब्द समजून घेऊ. ‘क्लॉक’ म्हटलं की भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांसमोर येतं. चिपमधलं क्लॉक वेळ सांगत नाही, ते ठेका देतं. एका तारेवरून विजेची पातळी वर-खाली, वर-खाली होत राहते, आणि प्रत्येक ठेक्याला सर्किट एक पाऊल पुढे टाकतं. ठेका थांबला की सर्किट आहे त्या जागी गोठतं.

हा ठेका येतो एका छोट्या स्फटिकातून. क्वालकॉमच्या अनेक चिपांना तो १९.२ मेगाहर्ट्झचा लागतो, ऑलविनरच्या चिपांना २४ मेगाहर्ट्झचा. पण प्रोसेसरला गिगाहर्ट्झ हवे असतात आणि एखाद्या सीरियल पोर्टला त्या मानाने अगदी थोडे. म्हणून पीएलएल नावाचं सर्किट ठेका कित्येक पट वाढवतं, पुढे भागाकार करणारी सर्किटं तो हवा तेवढा कमी करतात, कुठे दोन ठेक्यांतला एक निवडायची सोय असते, आणि शेवटी प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक दार असतं. धरणातून कालवा, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेत, असं हे जाळं पसरतं. कालव्यात पाणी वाढत नाही आणि पीएलएलमध्ये ठेका वाढतो, एवढा फरक सोडला तर उपमा चालून जाते. दार कशासाठी? चिपमध्ये ठेका वाहत राहिला की वीज खर्च होते. कॅमेरा बंद असताना त्याचं दार उघडं ठेवलं, तर बॅटरी फुकट जाते.

दुसरा शब्द ‘रिसेट’. आपल्यासाठी ते एक बटण. चिपमध्ये मात्र प्रत्येक मोठ्या भागाला स्वतःची रिसेटची तार असू शकते. ती धरून ठेवली की तो भाग ठरलेल्या सुरुवातीच्या अवस्थेत थांबून राहतो, आणि सोडली की कामाला लागतो. हे कुठल्या क्रमाने करायचं तेही ठरलेलं असतं. साधारणपणे आधी वीज, मग ठेका, मग रिसेट सोडायचा. क्रम चुकला तर काय होतं? ठेका बंद असलेल्या भागाचं रजिस्टर वाचायला प्रोसेसर गेला, तर कित्येक चिपांवर उत्तरच येत नाही. प्रोसेसर वाट बघत उभा राहतो आणि अख्खं यंत्र थिजतं. चुकीचा संदेश नाही, इशारा नाही. सगळं गप्प.

म्हणजे कर्नेलला, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हे सगळं आधीच ठाऊक असायला हवं. पीसीचं बरं असतं. पीसीआय किंवा यूएसबीवर बसलेलं उपकरण विचारल्यावर आपलं नावगाव सांगतं, आणि उरलेलं बायोस सांभाळतं. फोन, राउटर, टीव्हीच्या डब्यांत असते ती एसओसी, म्हणजे सगळं काही एकाच तुकड्यावर बसवलेली चिप. तिच्यातला सीरियल पोर्ट कुठल्यातरी पत्त्यावर मुकाट बसलेला असतो. तो स्वतःहून काही बोलत नाही.

हजारो नोंदी, हजारो फायली

आर्म प्रोसेसरवरच्या लिनक्सने यावर बरीच वर्षं सरळसोट उपाय चालवला. प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत एक फाइल लिहायची आणि या बोर्डावर काय कुठे आहे ते कोडमध्येच कोंबायचं. प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक मिळे. सुरू होताना बूटलोडर तो क्रमांक एका रजिस्टरमध्ये ठेवून कर्नेलच्या हाती सोपवी, आणि कर्नेल त्यावरून योग्य फाइल निवडे. या क्रमांकांची नोंदवही आर्म लिनक्सचे रसेल किंग सांभाळत. ती हजारोंच्या घरात गेली.

क्लॉकची गत आणखी विचित्र होती. ड्रायव्हरने ठेका कसा मागायचा यासाठी काही सामाईक फंक्शनं ठरलेली होती: माझं क्लॉक दे, चालू कर, बंद कर, वेग सांग. पण पलीकडे ‘क्लॉक’ म्हणजे नेमकं काय, त्याची रचना कशी, हे प्रत्येक चिपकुळाने आपापलं ठरवलं होतं. टीआयचं वेगळं, सॅमसंगचं वेगळं, फ्रीस्केलचं वेगळं. एकाच नावाच्या अनेक व्याख्या असल्या की त्या एका प्रोग्रॅममध्ये नांदू शकत नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपांवर चालणारं एकच कर्नेल बनवणं हे स्वप्नच होतं.

स्मार्टफोनची लाट आली आणि हे गाठोडं फुगत गेलं. मार्च २०११ मध्ये टीआयच्या ओमॅप चिपांचे बदल स्वीकारायची वेळ आली तेव्हा लायनस टॉरवाल्ड्स यांचा संयम सुटला. छापता येणार नाही अशा शब्दांत त्यांनी आर्मवाल्यांना सुनावलं. मथितार्थ असा: तुम्ही एकमेकांच्या पायात पाय घालताय, तेच तेच परत लिहिताय, आणि याला आवर घालणारा कुणी दिसत नाही.

राग शब्दांचा होता, पण दुखणं रचनेचं होतं. हार्डवेअरची माहिती आणि हार्डवेअर चालवण्याची अक्कल, दोन्ही एकाच फाइलमध्ये कालवलेल्या होत्या. जमिनीची नोंद आणि नांगरणीची पद्धत एकाच कागदावर लिहिली, तर शेत बदललं की नांगरणीही नव्याने लिहावी लागणार.

जुन्या पेटीतला उपाय

उपाय नवा नव्हता. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी ओपनबूट नावाचं फर्मवेअर घडवलं होतं. ते फोर्थ भाषेत होतं, आणि यंत्रातल्या उपकरणांचं झाड स्मृतीत मांडून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करत होतं. १९९४ मध्ये त्याचं ‘ओपन फर्मवेअर’ नावाचं आयईईई १२७५ मानक झालं. अ‍ॅपलचे पॉवरपीसी मॅक आणि आयबीएमची मोठी यंत्रं त्याच वाटेने गेली. या फर्मवेअरची एक फांदी महाराष्ट्रातही पोचली होती. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये ओपन फर्मवेअरच होतं आणि त्यावर काम करणारेही ब्रॅडलीच होते. तो लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत मुलांच्या हातात पडला.

पण छोट्या बोर्डांना एवढं जड फर्मवेअर परवडत नव्हतं. २००५ च्या सुमारास बेंजामिन हेरेनश्मिट आणि इतरांनी पॉवरपीसी लिनक्ससाठी मधला मार्ग काढला. फर्मवेअर नको, फक्त झाड ठेवू. ते साध्या मजकुरात लिहायचं, एका कंपायलरने चपटं करून छोट्या बायनरी फाइलमध्ये बांधायचं आणि बूटलोडरने कर्नेलला द्यायचं. याला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा चिपचा सातबारा. या पत्त्यावर अमुक उपकरण, त्याचा ताबा अमुक ड्रायव्हरकडे, पाणी अमुक चारीतून.

ग्रँट लाइकली आणि इतर काही जण हीच पद्धत आर्मवर आणायच्या खटपटीत आधीपासून होतेच. २०११ च्या स्फोटानंतर त्यांना वाट मोकळी झाली. आर्न्ड बर्गमन आणि ओलोफ योहान्सन यांनी सगळ्या आर्म चिपांचे बदल एका दारातून आत घ्यायला सुरुवात केली. नव्या बोर्डासाठी सी फाइल नको, झाड आणा, असा दंडक हळूहळू पडला.

ठेक्याची नोंद कशी लिहायची?

पत्ता लिहिणं सोपं होतं. क्लॉक अवघड होतं, कारण ती वस्तू नाही, ते नातं आहे.

जेरेमी केर यांनी २०१० पासून सगळ्या चिपांसाठी क्लॉकची एकच व्याख्या असावी म्हणून काम मांडलं होतं. ते पुढे नेलं माइक टर्केट यांनी. मे २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.४ मध्ये ‘कॉमन क्लॉक फ्रेमवर्क’ दाखल झालं. दार, भागाकार, निवड, पीएलएल असे प्रकार ठरले. कुठलं क्लॉक कुणाचं पोर, हे कर्नेलला कळू लागलं. पोराने ठेका मागितला की आई-आजीची दारं आपोआप उघडायची. चारीचं दार उघडून उपयोग नाही, कालवाही वाहता हवा, हे पाटकऱ्याला माहीत असतं. तेच आता कर्नेलला माहीत झालं.

त्याच वर्षी क्लॉकची नोंद झाडात कशी करायची याची रीतही कर्नेलमध्ये आली. ती अशी: क्लॉक पुरवणारा भाग सांगतो की माझ्याकडे बोट दाखवताना सोबत किती आकडे द्यावे लागतील. क्लॉक वापरणारा भाग त्याच्याकडे बोट दाखवतो, आकडा देतो, आणि आपल्या घरात त्या क्लॉकला काय म्हणतात ते नाव लिहितो. क्वालकॉमच्या सीरियल पोर्टची नोंद बघा. त्यात दोन क्लॉक असतात. एकाचं नाव ‘कोअर’, हा अक्षरं पाठवण्याचा ठेका. दुसऱ्याचं ‘आयफेस’, हा प्रोसेसरला त्याची रजिस्टरं वाचता यावीत म्हणूनचा ठेका. ड्रायव्हर फक्त ‘कोअर’ आणि ‘आयफेस’ मागतो. ते चिपच्या कुठल्या कोपऱ्यातून येतात हे त्याला कळायची गरजच उरत नाही. चिप बदला, सातबारा बदलेल, ड्रायव्हर तोच राहील.

रिसेटला आणखी वर्षभर थांबावं लागलं. तोवर प्रत्येक जण आपापल्या आडवाटेने तार धरत आणि सोडत होता. स्टीफन वॉरन यांनी नोंदीची रीत लिहिली, पेंग्युट्रॉनिक्सच्या फिलिप झाबेल यांनी कर्नेलमधली यंत्रणा लिहिली, आणि २०१३ मध्ये लिनक्स ३.१० पासून रिसेटलाही क्लॉकसारखीच नोंद मिळाली: बोट, आकडा, नाव.

फळ लगेच दिसू लागलं. डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ पासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांसाठी एकच कर्नेल बांधायची सोय झाली. त्याच आवृत्तीत ६४-बिट आर्मचा प्रवेश झाला, आणि तिथे बोर्ड-फायलींना पहिल्या दिवसापासून थारा मिळाला नाही.

अर्ज न केलेल्याचं पाणी

नोंद खरी असली तर सगळं ठीक. नोंदच नसेल तर?

कॉमन क्लॉक फ्रेमवर्कमध्ये एक नियम आहे. कर्नेल सुरू होऊन स्थिरावत आलं की ते सगळी क्लॉक तपासतं. जे चालू आहे पण कुणीच मागितलेलं नाही, ते बंद करतं. हेतू चांगला आहे, बॅटरी वाचते. पाणी मागणी अर्ज भरला नाही त्याची चारी बंद, असा सरळ हिशोब.

२०१४ मध्ये ऑलविनरच्या बोर्डांवर या हिशोबाने पडदे काळे पडायची वेळ आली. बूटलोडर स्क्रीन चालू करून देई. कर्नेलमध्ये तेव्हा त्या स्क्रीनसाठी पूर्ण ड्रायव्हर नव्हता, आयती मिळालेली चित्रस्मृती तेवढी वापरणारा ‘सिंपलएफबी’ नावाचा अगदी साधा ड्रायव्हर होता. तो साधा असल्यामुळे क्लॉक मागतच नव्हता. बूट होताना अक्षरं दिसत, आणि झाडाझडतीची वेळ आली की पडदा काळा.

यावर त्या साध्या ड्रायव्हरच्या नोंदीत क्लॉकची यादी घालावी, असा प्रस्ताव आला. त्यावरून महिनोन्‌महिने खडाजंगी झाली. एका बाजूचं म्हणणं, स्क्रीन ही क्लॉक खरोखर वापरते, मग नोंदीत ती नसणं हाच खोटेपणा. दुसरी बाजू म्हणे, हा ड्रायव्हर मुद्दाम चिप-निरपेक्ष ठेवलेला आहे. आज क्लॉक, उद्या वीज, परवा रिसेट, अशी यादी वाढतच जाईल. शेवटी क्लॉकची यादी स्वीकारली गेली. पण वाद निव्वळ तांत्रिक नव्हता. नोंद यंत्राची करायची, की यंत्राकडे बघणाऱ्या ड्रायव्हरच्या सोयीची, हा तो वाद होता. तो पूर्ण मिटलेला नाही.

एक जमीन, दोन सातबारे

सिद्धांत म्हणतो की झाड म्हणजे हार्डवेअरचं निव्वळ वर्णन. ऑलविनरचीच पुढची गोष्ट या सिद्धांताची परीक्षा घेते.

या चिपांचा आधार लिनक्समध्ये आणायचं काम मुख्यतः स्वयंसेवकांनी केलं. सुरुवातीला त्यांनी चिपमधल्या क्लॉकसाठी झाडात वेगवेगळ्या नोंदी केल्या. हे पीएलएल, हा त्याचा भागाकार, ही दारं, असं पूर्ण जाळं सातबाऱ्यावरच काढलं. वाचायला छान. पण एखादा भागाकार चुकीचा उतरवला गेला, किंवा एखादं क्लॉक राहून गेलं, की दुरुस्ती नोंदीतच करावी लागे. २०१६ मध्ये मॅक्सिम रिपार्ड यांनी मांडणी पालटली. झाडात एकच नोंद: या पत्त्यावर क्लॉक आणि रिसेट पुरवणारा एक ठोकळा आहे. आतलं जाळं ड्रायव्हरच्या कोडमध्ये. वापरणाऱ्याने फक्त आकडा सांगायचा.

चिप तीच, सिलिकॉन तेच, वर्णनं दोन. दोन्ही खरी! फरक एवढाच, की चूक झाली तर ती कुठे दुरुस्त करायची हे दुसऱ्या मांडणीत अधिक सोयीचं होतं.

सोयीला महत्त्व येण्याचं कारण आहे. झाड एकदा फर्मवेअरमध्ये बसून यंत्रासोबत विकलं गेलं की ते बदलेलच याची खात्री नाही. म्हणून जुनं झाड नव्या कर्नेलवर चाललंच पाहिजे, असा दंडक मानला जातो. ऑक्टोबर २०१३ मध्ये एडिनबर्गच्या कर्नेल परिषदेत आर्मवाल्यांनी यावर बराच खल केला. नोंद म्हणजे वचन, असं म्हटलं की ‘आकडा ४७ म्हणजे अमुक क्लॉक’ ही मामुली ओळसुद्धा कायमची होते. मोकळे राहिलेले आकडे पुढे भरता येतात, दिलेले बदलता येत नाहीत. म्हणूनच आज नव्या चिपची कर्नेलमध्ये नोंद करताना या आकड्यांच्या यादीवर इतकी बारीक नजर असते. २०१६ मध्ये डिव्हाइस ट्रीचं स्वतंत्र मानक निघालं. पुढे नोंदींचे नियम यंत्राला तपासता येतील अशा साच्यात लिहायला सुरुवात झाली, म्हणजे क्लॉकचं नाव विसरलं तर माणसाआधी प्रोग्रॅमच हटकतो.

ड्रॉवरमधला फोन

२०१५ मध्ये भारतात शाओमीचा रेडमी २ आला. स्वस्त होता, भरपूर दिसायचा. आत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ४१० चिप. त्यासोबत आलेलं कर्नेल ३.१० मालिकेतलं होतं. म्हणजे कॉमन क्लॉक फ्रेमवर्क मूळ लिनक्समध्ये येऊन गेलं होतं, पण क्वालकॉमच्या त्या फोन-कर्नेलमध्ये क्लॉकची घरची, वेगळी मांडणी होती. सातबारा होता, पण त्याची भाषा मूळ लिनक्सच्या दप्तराला कळणारी नव्हती. असा फोन त्या एका कर्नेलशी बांधला जातो. चिपवाली कंपनी पुढच्या चिपकडे वळली की नोंदीही मागे पडतात. अपडेट थांबायला पैसा आणि धंद्याची गणितं ही मोठी कारणं आहेतच, पण हे बांधलेपण त्यांना हातभार लावतं.

याच चिपची नोंद आज मूळ लिनक्समध्ये आहे. त्यात ‘ग्लोबल क्लॉक कंट्रोलर’ नावाचा एक ठोकळा आहे, तो क्लॉकही पुरवतो आणि रिसेटही. सीरियल पोर्ट त्याच्याकडे दोन ठेके मागतो, यूएसबी ठेक्यांसोबत आपली रिसेटची तार मागते. क्लॉकचा ड्रायव्हर चिपकुळाच्या माहीतगारांनी लिहिला. एकेका फोनची झाडं मात्र मोठ्या प्रमाणावर हौशी लोकांनी उभी केली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएससारख्या प्रकल्पांचे लोक कंपनीचं जुनं कर्नेल उघडून बसतात. लिनक्सच्या परवान्यामुळे तो कोड कंपनीला द्यावाच लागतो. त्यातून पत्ते, क्लॉकचे आकडे, रिसेटचा क्रम शोधून ते नव्या रीतीने लिहून काढतात. एक चूक, आणि यंत्र गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या दप्तरातून जमिनीचे फेरफार शोधणाऱ्या माणसाचंच हे काम आहे. त्याला कुणी नवीन शोध म्हणणार नाही. पण ही नोंद झाली, की फोन त्याच्या कंपनीपेक्षा जास्त जगू शकतो. नोंद एका कंपनीच्या कपाटात राहिली, तर कंपनीचा रस संपेल त्या दिवशी तुमच्या खिशातल्या चालत्या यंत्राची ओळख पुसली जाते. सातबारा तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी अडून राहणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

ही रीत आता फोनपुरती उरलेली नाही. आरआयएससी-व्ही या खुल्या प्रोसेसर घराण्याचं लिनक्स मुख्यतः झाडावर चालतं. झेफायर ही चिमुकल्या उपकरणांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम तर बांधणी होतानाच झाड वाचून टाकते. तिथेही प्रश्न तेच: ठेका कुठून, रिसेट कुणाकडे?

लिनक्सचा स्रोत कुणालाही फोनवरसुद्धा उघडता येतो. त्यात आर्म६४ च्या फोल्डरमध्ये बूट, आणि त्याच्या आत डीटीएस नावाचं फोल्डर आहे. तिथे क्वालकॉमच्या यादीत ‘विंगटेक’ नावाखाली रेडमी २ ची नोंद सापडेल. ती वाचायला इंजिनिअर असायची गरज नाही. ओळी छोट्या आहेत: हा भाग, हा पत्ता, हा ठेका, ही तार. आपल्या ड्रॉवरमधल्या फोनचं नावही तिथे आहे का, ते शोधून बघा.